तिले काऊन खाज नाही?

मी एकदा एका रुग्णाच्या घरच्यांना जे उत्तर दिलं, ते मी त्याच क्षणी मनाने तयार केलेलं होतं. ते खरं नाही हे मला बोलता बोलताच कळत होतं. आजपर्यंत हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, वरिष्ठांना नाही, आणि ज्या बाईचा संसार त्या एका वाक्याने मोडला तिला तर नाहीच. दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले होते, ‘नोकरीतले किस्से लिहा, जरा हलकेफुलके.’ तसेही आहेत, लिहितो. पण हे पहिल्या परिच्छेदात कबूल केलं नाही तर किश्शांच्या आडून मी पुन्हा निसटून जाईन. स्वतःला मी तेवढा ओळखतो.

पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी एकवीस वर्षं समुपदेशक होतो. गावाचं नाव लिहीत नाही, आणि माणसांची नावं बदलली आहेत. राहायला शेगावला, रोज एसटीने जाणं-येणं. नोकरी कंत्राटी. दर वर्षी करार संपायचा, वरून तपासणी व्हायची आणि पुन्हा करार व्हायचा. ‘समुपदेशन’ हा शब्द आमच्या शिपायाच्या तोंडात कधी बसला नाही. माझ्याकडे कुणाला पाठवायचं असलं की तो ओरडायचा, ‘बोलायच्या खोलीत जा!’ मला ते नाव आवडायचं. काम तेच होतं.

खोली एक्स-रेच्या पलीकडे, अगदी कोपऱ्यात. खिडकी मागच्या चिंचेकडे उघडायची. निम्मे पुरुष आधी त्या चिंचेखाली उभे राहून मी एकटा आहे का ते पाहत, मगच आत येत. टेबलावर निरोध कसा वापरायचा हे दाखवायचा एक लाकडी नमुना होता. सफाईच्या मावशी रोज सकाळी त्याच्यावर रुमाल टाकून जायच्या, आणि मी रोज तो काढायचो. एकवीस वर्षांत आम्ही दोघं त्याविषयी एक शब्द बोललो नाही.

काम असं. एचआयव्हीच्या तपासणीआधी आणि निकालानंतर माणसाशी बोलायचं. गुप्तरोगाची तक्रार घेऊन कुणी आलं तर त्याची माहिती लिहून घ्यायची, औषध कसं घ्यायचं ते समजवायचं, आणि त्याच्या जोडीदाराला आणायला लावायचं. तपासणं आणि औषध लिहिणं डॉक्टरांचं. माझ्या पाठीमागच्या भिंतीवर एक तक्ता होता. लक्षण शोधा, बाण धरून खाली या, शेवटी औषधाच्या डब्याचा रंग. आणि प्रत्येक बाणाच्या टोकाला तीच ओळ: जोडीदारावरही उपचार करा. त्यासाठी आम्ही एक छोटी चिठ्ठी द्यायचो. बायकोच्या नावाची, वर रोगाचं नाव नाही. कुणाची बदनामी होऊ नये म्हणून तशी केलेली. पण ज्या घरात रोगाचं नाव नसलेली ही चिठ्ठी जायची, त्या घरात बायकोला सगळी नावं ठेवून व्हायची.

खाज हा शब्द कुणीच उच्चारायचं नाही. आपल्याकडे तो शिवीसारखा वापरतात. म्हणून ‘चुणचुण’, ‘आग’, ‘अंगात गरमी’. आणि प्रत्येकाच्या डोळ्यांत एकच भीती, हा तोच मोठा आजार तर नाही? मी रोज दहा जणांची भीती ऐकायचो. माझी स्वतःचीही एक होती, आणि ती ऐकायला कुणी नव्हतं. ‘माहीत नाही’ असं म्हणायची मला भीती वाटायची. पहिल्याच वर्षी एका म्हाताऱ्याला मी तसं म्हटलं होतं. तो उठता उठता म्हणाला, ‘तुमाले माहीत नाही तं खुर्चीवर काऊन बसले बाप्पा?’ बाहेरची रांग हसली. तेव्हापासून मी कुणालाही रिकाम्या हाताने पाठवलं नाही.

आता हलकंफुलकं. एक काळीपिवळी जीप चालवणारा गडी होता. मी त्याला निरोधाचं महत्त्व इतकं पटवलं की तो शहाण्यासारखा वागू लागला. महिन्याभरात परत आला, पाय फाकवून चालत. म्हणाला, ‘सर, तुमचं ऐकलं तवापासून जळून राह्यलो. न ऐकता बरा होतो मी.’ त्याला आम्ही फुकट वाटलेल्या रबराचंच वावडं निघालं. बायको त्याच्यावर, तो तिच्यावर, आणि दोघं मिळून शेजारणीच्या करणीवर संशय घेत होते.

एकदा निवृत्त गुरुजी आले. धोतर, काखेत छत्री, खिशात तक्रारींची यादी. जागा अवघड, खाज भयंकर, आणि त्यांच्या मते कारण बायको. बाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. मी त्यांना आत बोलावलं. रक्त तपासलं तर गुरुजींची साखर इतकी वाढलेली की आमच्या प्रयोगशाळेच्या इकबालभाईंनी खात्रीसाठी पुन्हा काढली. मी समजावलं, साखर वाढली की अशी खाज सुटते. बाई म्हणाल्या, ‘म्हंजे माहा काही दोष नाही?’ म्हटलं, ‘नाही.’ ‘मंग लिहून द्या मले. शिक्का मारून द्या. एवढे दिवस ऐकून घेतलं म्या.’ मी खरोखर लिहून दिलं. गुरुजी छत्रीच्या मुठीकडे पाहत बसले होते.

अशा वेळी छाती फुगायची. आपण घरं वाचवतो असं वाटायचं.

प्रल्हाद आला तो या फुगलेल्या दिवसांतच. वय छत्तीस-सदतीस, गावात त्याची पिठाची चक्की. भुवयांवर पीठ तसंच. चिंचेखाली अर्धा तास उभा राहून आत आला आणि खुर्चीच्या कडेवर टेकला.

‘काय होते?’

‘चुणचुण होते.’

‘कुठे?’

‘सगळ्याच आंगाले. पाठीले, हाताले, पायाले... अन् तिथंही.’

‘किती दिवस?’

‘आठ-नऊ महिने झाले. दिवसा चक्कीच्या आवाजात समजत नाही. आडवं झालो का सुरू. बायकोचा हात लागला का आंगावर मुंग्या सोडल्यासारखं होते, मी उठूनच बसतो. तिले वाटते मी तिले झिडकारतो.’ मग खाली पाहून, ‘तिच्याजवळ जाणं बंदच हाये, सर.’

त्याने सगळं करून पाहिलं होतं. पिठाने होतं म्हणून दिवसातून तीनदा अंघोळ. मग विहिरीच्या खाऱ्या पाण्याने होतं म्हणून अंघोळीला गोड्या पाण्याचे जार. मग मेडिकलमधली मलमं. बोलता बोलता म्हणाला की पोती उचलून कंबर धरते, त्यासाठी दुकानातली गोळी मात्र कित्येक वर्षं रोजची. हे मी ऐकलं. लिहिलं नाही, कारण माझ्या फॉर्मात त्याला रकाना नव्हता.

सदरा वर केला तेव्हा अंगावर पुरळ नव्हतं, फोड नव्हते, चट्टा नव्हता. कोरडी, फिकी कातडी आणि तिच्यावर नखांचे लांब लांब ओरखडे, काहींवर खपल्या. आजही डोळे मिटले की मला ती पाठ दिसते. ती सगळं सांगत होती. वाचणारा अडाणी होता.

त्या महिन्यात आमच्या डॉक्टरांना आठवड्यातले चार दिवस दुसरीकडे पाठवलं होतं. येत त्या दोन दिवशी त्यांच्यापुढे शंभर-शंभर माणसं. मीच तक्त्यावरचा जवळचा बाण धरला. खरूज. दोघांना मलम, सोबत गोळ्यांचा एक डबा, जोडीदाराची चिठ्ठी. सह्यांच्या गठ्ठ्यात माझा कागद ठेवला, सही झाली. एचआयव्ही नाही असं सांगितल्यावर प्रल्हाद पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकला. डोळे पुसले. म्हणाला, ‘बस सर, आता काही असो.’

पंधरा दिवसांनी तो परत आला. सोबत बायको आणि आई. खाज तसूभर कमी नव्हती.

बायकोचं नाव वनिता. माहेर लोणारचं, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाचं. तिकडची बोली मराठवाड्याकडे झुकते. ती ‘मला’, ‘तुम्हाला’ म्हणायची, म्हणून सासरी तिला ‘पुण्यावाली’ म्हणून चिडवायचे. ती सरळ माझ्याकडे पाहून बोलली.

‘मी पण लावलं मलम. गळ्यापासून तळपायापर्यंत, तुम्ही सांगितलं तसं. पण मला आधीही काही नव्हतं अन् आताही नाही.’

सासू पदर सावरत म्हणाली, ‘तेच तं मी केव्हाची म्हणून राह्यली साहेब. दोघं एका खाटेवर झोपते. मंग तिले काऊन खाज नाही?’

एकवीस वर्षांत मला विचारला गेलेला हा सगळ्यात शहाणा प्रश्न. खरूज असती तर एव्हाना घरातलं प्रत्येक माणूस खाजवत बसलं असतं. त्या बाईला खाज नव्हती, याचाच अर्थ हे बाहेरून लागलेलं नव्हतं. आतून येत होतं. एवढं गणित मला तिथे बसल्या बसल्या येत होतं, आणि अर्धं आलंही. त्यापुढे मला इतकंच म्हणायचं होतं, ‘माहीत नाही. मोठ्या डॉक्टरांना दाखवू.’

दार अर्धं उघडं होतं. बाहेर बाकावर माणसं होती. प्रल्हाद माझ्या तोंडाकडे पाहत होता, आणि त्याचा माझ्यावर विश्वास होता. मी म्हणालो,

‘काही बायांच्या अंगात दोष असतो. त्यांना स्वतःला काही होत नाही. नवऱ्याला लागतो.’

हे वाक्य मी हवेतून काढलं नाही, आणि तेच जास्त वाईट. काही गुप्तरोगांत बाईला लक्षणं दिसत नाहीत, हे माझ्या तक्त्यावर छापलेलं होतं. तिथलं खरं मी इथे आणून खोट्याला चिकटवलं. ते इतकं बेमालूम बसलं की क्षणभर मलाच बरं वाटलं.

सासू म्हणाली, ‘पाह्य, मी म्हणत नव्हती?’

‘आई, तू गप बस,’ प्रल्हाद म्हणाला.

वनिताने आपले दोन्ही तळवे वर करून पाहिले, मग उलटे करून पाहिले, आणि पदराखाली घेतले.

पुढे मी आणखी दोन वेळा दोघांना औषधं दिली. मधल्या काळात वनिता आधी चक्कीच्या खोलीत झोपायला लागली. मग तिचे कपडे वेगळे धुवायला लागले. मग दिवाळीला ती मुलीला घेऊन माहेरी गेली आणि तिला आणायला कुणी गेलं नाही. हे मला प्रल्हादनेच सांगितलं. ‘तिले सध्या तिकडंच ठेवलं. खाज कमी झाली का आणीन.’

‘मग, कमी झाली?’

‘नाही ना.’

दोन महिने बायको शंभरावर किलोमीटर दूर, आणि खाज तशीच. आम्ही दोघं समोरासमोर बसलो होतो आणि दोघांपैकी कुणीही ते पुढचं वाक्य बोललं नाही. त्याला सुचलं नसावं. मला सुचलं होतं. मी घाईने पुढच्या रुग्णाला हाक मारली. खरं सांगायची पहिली संधी मी अशी घालवली.

प्रयोगशाळेतले इकबालभाई सोनाळ्याचे. माणूस बोलघेवडा, सुई टोचताना रुग्णाला त्याच्या शेताच्या भानगडी विचारून गुंगवणारा. एक दिवस हातात कागद घेऊन माझ्या खोलीत आले.

‘हा चक्कीवाला तुमच्याकडंच येते ना?’

‘हो. का?’

‘पायाले सूज आली, उलट्या होऊन राह्यल्या म्हणून डॉक्टरसाहेबानं रक्त लिहून देलं. किडनी गेली ना राजा याची. दोन्ही. हे पाहा.’ मी कागदावरचा आकडा दोनदा वाचला. ते पुढे बोलतच होते. ‘अन् आंगावर नुसते ओरखडे. ही तं किडनीची खाज. रक्तातली घाण बाहेर पडत नाही, मंग माणूस खाजवते. आपल्या इकडं, या खाऱ्या पट्ट्यात, लोकाच्या किडन्या लय जाते. पुरळ नसून कोणी खाजवत आलं का पह्यले रक्त काढायचं. तुमी काय मलम देत बसले होते का?’ ते हसले. मग माझं तोंड पाहून थांबले. ‘काय झालं हो?’

‘काही नाही,’ मी म्हणालो.

ते गेल्यावर मी पहिली गोष्ट काय केली ते लिहितो. कपाटाला कुलूप आहे का ते पाहिलं. आत प्रल्हादचा फॉर्म होता, माझ्या अक्षरात. बाण धरून खाली आलेला, डॉक्टरांनी न तपासलेला. त्या दिवसापासून मला दारावरच्या प्रत्येक थापेची भीती वाटायला लागली. कुणीतरी येईल, फॉर्म मागेल, विचारेल, तुम्हाला हे ठरवायचा अधिकार कुणी दिला?

प्रल्हाद आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जायला लागला. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की मूत्रपिंडं बरीच वर्षं खराब होत असावीत. रोजच्या गोळ्या, पाणी, आणखी काय काय, नेमकं कारण कुणी सांगू शकत नव्हतं. मी लवकर ओळखलं असतं तर तो वाचला असता असं मी म्हणत नाही. ते मला माहीत नाही. आता हे वाक्य मला लिहिता येतं.

एकदा तो येता येता माझ्याकडे डोकावला. म्हणाला, ‘आई म्हणते, तिच्यापासून लागलेलं तेच किडनीत उतरलं. तसं होते काय सर?’

मी म्हणालो, ‘तसं नक्की काही सांगता येत नाही.’

दुसरी संधी अशी गेली.

तिसरी वनिता स्वतः घेऊन आली. त्या दिवशी आमच्याकडे तपासणी होती. माझा करार संपत आला होता आणि वरून आलेले अधिकारी शेजारच्या खोलीत रजिस्टरं पाहत बसले होते. मधलं दार उघडं. ती पहाटे लोणारहून निघालेली, दोन गाड्या बदलून दुपारी पोचलेली. नवऱ्याकडे न जाता आधी माझ्याकडे आली होती. उभ्यानेच बोलली.

‘साहेब, मी त्यांना किडनी देते म्हणाले. माझा रक्तगट पण तोच आहे. पण एक विचारायचं होतं. त्या दिवशी तुम्ही म्हणाला होतात ना, माझ्या अंगात जे आहे... ते किडनीतून त्यांच्यात पुन्हा जाईल का?’

मी दाराकडे पाहिलं. पलीकडे पान उलटल्याचा आवाज आला.

‘बसा ना,’ मी म्हणालो.

‘नाही, बसत नाही. नेमकं सांगा. देऊ का? आत्ता कमी होईल अन् मागून पुन्हा सुरू होईल, असं नको व्हायला. आधीच माझ्यामुळं लई सोसलं त्यांनी.’

माझ्या समोर एक बाई नवऱ्याला जगवायला आली होती, आणि माझ्याच खोट्याला भिऊन उभी होती. पाच-सहा शब्दांचं काम होतं. ‘तुमच्यात काही नाही. मी चुकलो.’ पण पलीकडच्या खोलीतला आवाज थांबला होता आणि मला वाटलं, ते ऐकत आहेत. हे बोललो तर फॉर्म निघेल. करार जाईल. शेगावच्या घरात मुलीचं लग्न ठरत होतं.

मी आवाज खाली आणून म्हणालो, ‘मोठ्या दवाखान्यात सगळ्या तपासण्या होतात. तिथले डॉक्टर सांगतील.’

‘पण तुम्हाला काय वाटतं?’

‘तेच सांगतील.’

तिने मान हलवली. जाताना दार अलगद ओढून घेतलं.

अधिकाऱ्यांनी रजिस्टरांवर शेरा दिला, काम समाधानकारक. करार झाला.

पुढचं प्रल्हादकडून कळलं. डायलिसिसच्या एका दिवशी एसटीत माझ्या शेजारी बसला. हात काडीसारखे झाले होते, नखं मात्र जपून कापलेली, खाजवताना रक्त येऊ नये म्हणून. म्हणाला, ‘वनिता किडनी देतो म्हणत होती. मंग एकदम नाही म्हणली. म्हणे, माह्यात जे हाये ते पुन्हा तुमच्यात जाईन.’ आणि हसला. ‘माह्यासाठीच भेते बिचारी. मी काही बोललो नाही तिले. तिनं इकडं येऊन राहावं एवढंच वाटते, पण ते म्हणते, नको, तुमच्या जवळ आलं का तुमाले वाढते.’

खिडकीतून ऊन त्याच्या मांडीवर पडत होतं. मी त्याला म्हणालो, ‘पाणी मोजून पिता ना?’ बास. एवढंच बोललो. चौथी.

त्या उन्हाळ्यात तो गेला. वनिताची किडनी जुळली असती की नाही हे कुणालाच कळणार नाही, कारण तपासणीपर्यंत ती गेलीच नाही.

नंतर मी कामाची पद्धत बदलली. अंगावर काही दिसत नाही आणि खाज आहे, असा माणूस आला की त्याला तक्ता दाखवायचाच नाही, हात धरून इकबालभाईंकडे न्यायचा. ते वैतागायचे. ‘सर, त्याले डास चावला हो! त्याचंही किडनीचं क्रिएटिनिन काढू काय?’ पण काढून द्यायचे. एक सातव्या महिन्याची गरोदर पोर आली होती, तळहात-तळपाय खाजवून लाल झालेले. नवरा म्हणत होता, जवळ येऊ देत नाही, माहेरी जायचे बहाणे आहेत हिचे. तिच्या यकृताचा त्रास वेळेवर सापडला, बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. नवऱ्याला मी बाहेर बाकावर नेऊन, चार माणसांदेखत सांगितलं, हिचा काही दोष नाही. मोठ्याने सांगितलं. इकबालभाई म्हणाले, ‘काय राजा, आज लय जोरात?’ त्यांना मी कारण सांगितलं नाही. अशी सात-आठ माणसं असतील. याचा मला अभिमान वाटतो, आणि वाटला की लगेच भीतीही वाटते, कारण त्यातल्या कुणामुळेही वनिताबाईंचा हिशेब फिटत नाही.

ती भीती नोकरी सुटली तरी सुटली नाही. एसटीत कुणी मान खाजवली की माझं लक्ष त्याच्या पायांकडे जातं, सूज आहे का. घरी बायको म्हणते, ‘लोकांच्या पायाकडे काय पाहता सारखं?’

मागच्या हिवाळ्यात मी लोणारला गेलो. ठरवून. वनिताबाईंच्या भावाचं छोटं किराणा दुकान आहे, मागे घर. भाऊ माल आणायला गेला होता. भावजयीने ओसरीत खुर्ची दिली, पाणी दिलं. मी म्हणालो, ‘सासरकडच्या दवाखान्यातला आहे मी. वनिताताई आहेत का?’

‘शेतात गेल्यात मजुरीला. येतीलच आता.’

फळीवर एक ताट, एक वाटी आणि एक पेला बाकीच्या भांड्यांपासून बाजूला पालथे घातलेले होते. माझी नजर गेली तशी भावजय ओशाळून म्हणाली, ‘आम्ही नाही हो ठेवलं वेगळं. ताईच ठेवतात. किती समजावलं. म्हणतात, माझ्यामुळं तुमच्या लेकरांना नको. पोरीला पण जवळ घेऊन झोपत नाहीत. पोरगी रडायची आधी, आता सवय झाली तिला. तुम्ही दवाखान्यातले ना? तुम्ही तरी सांगा त्यांना. तुमचं ऐकतील.’

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी ती दिसली. डोक्यावर गवताचा भारा, त्यामुळे तिचं लक्ष खाली होतं. मी उठलो. ‘गाडी निघेल माझी,’ असं काहीतरी बोललो आणि दुकानाच्या बाजूने उलट्या दिशेने चालू लागलो. आधी चाललो, मग जवळजवळ पळालो. बस स्थानकावर मी एका उभ्या गाडीच्या मागे जाऊन थांबलो, बावन्न वर्षांचा माणूस, आणि शेगावकडची गाडी लागेपर्यंत तिथून हललो नाही.

हे छापून आलं म्हणजे मी सांगितलं असं होत नाही. वनिताबाई दिवाळी अंक वाचत नाहीत, आणि मी नावं बदलली आहेत. ती बदलली ती त्यांच्या अब्रूसाठी, असं मी स्वतःला सांगतो. माझंही नाव त्यात झाकलं जातं, हे मला ठाऊक आहे.

माझ्याकडून त्यांचं एवढं देणं बाकी आहे. लोणारला जाऊन, त्यांच्या ओसरीत बसून, भाऊ-भावजय आणि त्यांच्या मुलीसमोर, त्यांच्या तोंडाकडे पाहून सांगायचं, की तुमच्या अंगात कधीच काही नव्हतं, प्रल्हादला तुमच्यापासून काहीही लागलं नाही, आणि लागलं असं मी सांगितलं ते खोटं होतं. ते मी अजून दिलेलं नाही.